उपचारासाठी काढलेला मुखवटा

आयुष्यभर मी दोनच कामं केली. धूळ पुसली आणि किडे मारले. संग्रहालयात नोकरी होती म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे तलवारी आणि जरीच्या पैठण्या येतात. मुलीच्या सासरी तर पहिली दोन वर्षं माझी ओळख ‘पुतळ्यांचे पहारेकरी’ अशीच करून देत. मी पहारेकरी नव्हतो. माझ्या पदाचं नाव ‘तांत्रिक सहायक’ होतं, आणि ते ऐकून पुढचा प्रश्न विचारणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

कुणी विचारलंच असतं तर मी सांगितलं असतं. वस्तू आली की तिच्या पाठीला, पाहणाऱ्याला दिसणार नाही अशा जागी, बारीक कुंचल्यानं नंबर घालायचा. त्या नंबरावर नोंदवहीत तिचं वर्णन लिहायचं. आणि मग आपण मेल्यावरही ती धडधाकट राहील अशी काळजी घ्यायची. वस्तूचे शत्रू तीन: ऊन, ओल आणि साहेब. साहेबांवर औषध निघालेलं नाही, म्हणून आम्ही पहिल्या दोघांवर भागवायचो. एखादी गोष्ट ठाऊक नसली की वर्णनात ‘बहुधा’ लिहायचं. बहुधा बारावं शतक, बहुधा दारूचं भांडं, बहुधा राणी. या एका शब्दावर आमच्या खात्यातल्या कित्येकांची नोकरी सुखात पार पडली. माझीही त्यातच धरा.

औरंगाबादेतलं आमचं संग्रहालय लहान. वेरूळ-अजिंठ्याला निघालेले प्रवासी, गाडीला अवकाश असला की डोकावून जात. एक बाई दर महिन्याला येऊन निजामाच्या काळातल्या बिलोरी आरशात केस नीट करायच्या आणि बाकी काहीही न पाहता निघून जायच्या. फर्दापूरकडची खेड्यातली मंडळी दगडी विष्णूपुढे चपला काढत. आमचे दालनावरचे पहारेकरी हुसेनभाई, पाच वेळा नमाज पढणारा माणूस, त्या चपला ओळीत लावून ठेवत. “भगवान किसीके भी रहने दो, चप्पल लाइन में होना,” असं त्यांचं म्हणणं.

मागच्या खोलीत एक काचेचं कपाट होतं. वर पाटी: ‘पश्चिम आफ्रिका’. आमच्याच शहरातले डॉक्टर बोरगावकर तरुणपणी लायबेरियात दवाखान्यात नोकरीला गेले, तिथं बरीच वर्षं राहिले, आणि परत येताना आणलेल्या तीसेक वस्तू त्यांनी आमच्याकडे ठेवायला दिल्या. बसायची लाकडी तिवई, ढोल, फण्या, विणलेली कापडं, मुखवटे. दिल्या म्हणजे दान नव्हे, ठेव. नीट सांभाळल्या नाहीत तर सगळ्या परत नेईन, अशी लेखी अट होती. डॉक्टर आता मुंबईत मुलाकडे राहायचे, पण अट विसरणाऱ्यातला माणूस नव्हे.

या तीस वस्तूंतली सगळ्यात लहान म्हणजे एक लाकडी मुखवटा. तळहातावर मावेल एवढा. काळाभोर, गुळगुळीत, डोळे अर्धवट मिटलेले, ओठ जाड आणि किंचित उघडे, जणू आता काहीतरी मागणार आहे. कडेला दोन भोकं. माझ्या आधीच्या सहायकानं ती भोकं पाहून नोंदवहीत लिहिलं होतं: ‘मुखवटा, लाकडी, अलंकार. बहुधा गळ्यात घालत असावेत.’ मीही तेच चिठ्ठीवर सुबक अक्षरात उतरवून काचेत लावलं होतं.

श्रावण संपता संपता एका सकाळी त्या मुखवट्याखाली मला पिठाची चिमूट दिसली. कणकेसारखी बारीक. आमच्या धंद्यात अशा पिठाचा अर्थ एकच. लाकूड पोखरणारा भुंगेरा आत बसून जेवतोय आणि हे त्याच्या ताटातलं सांडलेलं. आज एकात आहे, उद्या तिवईत, परवा ढोलात. औषधाची सुई घालावी तर वस्तू एवढीशी आणि वरची झिलई नाजूक. हैदराबादच्या एका प्रशिक्षणात मी ऐकलं होतं की दोन आठवडे बर्फाच्या थंडीत ठेवलं की किडा अंड्यासकट मरतो आणि लाकडाला धक्का लागत नाही. पण आमच्या संग्रहालयात थंड अशी एकच गोष्ट होती, साहेबांची उत्तरं. फ्रीज मागितला तेव्हा आमचे प्रमुख, अभिरक्षक सबनीस साहेब म्हणाले, “जाधव, तुम्हाला सरबत प्यायचंय का?”

माझ्या घरी फ्रीज होता. नवा होता, आणि मला त्याचा अभिमान होता.

संग्रहालयातली वस्तू घरी नेणं म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण तेव्हा मी पस्तिशीत होतो आणि आपल्यावाचून या वस्तूंना वाली नाही अशी माझी पक्की समजूत होती. काचेत चिठ्ठी लावली: ‘वस्तू उपचारासाठी काढली आहे.’ नोंदवहीत तेच लिहून खाली सही केली. मुखवटा दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून जेवणाच्या डब्यात घातला आणि सायकलवर टांग मारली.

“अहो, हे काय आणलंत?” मंगलनं, म्हणजे माझ्या बायकोनं, विचारलं.

“आजारी आहे.”

“मग दवाखान्यात न्या. माझ्या दुधाशेजारी नको.”

शेवटी बर्फाच्या कप्प्यात त्याची सोय झाली. चौदा दिवस मोजायचे होते. दहा दिवस सुरळीत गेले, आणि महालक्ष्म्या आल्या.

आमच्याकडे तीन दिवसांच्या उभ्या महालक्ष्म्या असतात. माझी माय दरवर्षी त्यासाठी करमाडहून, गावाकडून, आमच्या उस्मानपुऱ्यातल्या दोन खोल्यांत येऊन राज्य करायची. दोघी बहिणी साड्या नेसून उभ्या राहतात आणि पुढे त्यांची दोन लेकरं बसतात. कापडाची अंगं, वर शाडूची तोंडं बांधलेली. आदल्या वर्षी त्यातल्या एका लेकराचं तोंड पडून फुटलं होतं. नवं आणायचं काम माझ्याकडे होतं. माय रोज सकाळी म्हणायची, “बापू, लेकराचं तोंड आन रं.” मी रोज म्हणायचो, आणतो. बायकोनं चार दिवस आठवण करून दिली. महालक्ष्म्या बसायच्या दिवशीसुद्धा मी ‘आणतो’ म्हणूनच घराबाहेर पडलो.

त्या दुपारी सबनीस साहेबांनी बोलावलं. “उद्या अकराला डॉक्टर बोरगावकर येतायत. कपाट बघणार आहेत. काल फोनवर त्या छोट्या मुखवट्याची चौकशी करत होते. उपचार संपवा आणि आत ठेवा.”

मी हसून हो म्हणालो. दहा दिवस काही कमी नाहीत, भुंगेरा काय कॅलेंडर बघतो काय! संध्याकाळी गुलमंडीच्या बाजारातून चांगलं गोरंगोमटं शाडूचं तोंड घेतलं आणि विजयी मुद्रेनं घरात शिरलो.

लक्ष्म्या बसल्या होत्या. समया लागलेल्या, वर करंज्यांचा फुलोरा टांगलेला. आणि पुढे दोन लेकरं. उजवीकडचं आमचं नेहमीचं, गुलाबी गालांचं. डावीकडचं लायबेरियाचं.

झालरीचं झबलं, जरीची कुंची, गळ्यात काळ्या मण्यांची माळ. त्या दोन भोकांतून दोरा ओवून तोंड असं चपखल बांधलं होतं की भोकं त्याचसाठी पाडली असावीत. डाव्या गालावर मायनं बोटभर हळद लावली होती आणि वर कुंकवाचा टिळा.

माझ्या हातातलं शाडूचं तोंड खाली पडलं आणि फुटलं. सलग दुसरं वर्ष.

“माय, हे कुठून घेतलंस?”

“बरफातून. तूच ठिवलं व्हतंस की. म्या म्हनलं, रंग वाळंना म्हून ठिवलं आसंल.”

“अगं, ते आफ्रिकेतलं आहे!”

“आसंना. लई लांबून आलंय बिचारं.”

“सरकारी आहे ते!”

“सरकारी आसलं म्हून काय जेवत नाय का?”

माझी नजर त्या हळदीवरून हलत नव्हती. तेल टिपून घेता येतं, काजळ निघतं, कुंकूसुद्धा कसंबसं निघतं. हळद लाकडात शिरली की शिरली. मी हात जोडून मायला सगळं सांगितलं. उद्या अकरा वाजता हा मुखवटा कपाटात नसला तर माझ्यावर चोरीचा आळ येईल, नोकरी जाईल, डॉक्टर सगळ्या वस्तू घेऊन जातील. मायनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“बसिवलेलं लेकरू मायम्होरून उठवू व्हय म्या? परवा लक्षम्या हालल्या की ने.”

“निदान तोंड तेवढं बदलू.”

“लेकराचं मुंडकं बदलतू? बापू, तुला कसली नोकरी लागली रं ही!”

मी मंगलकडे पाहिलं. ती म्हणाली, “मला यात ओढू नका. उद्या माझ्याकडे नऊ सवाष्णी आणि सोळा भाज्या आहेत.”

दुसऱ्या दिवशी पावणेअकराला मी हुसेनभाईंना विश्वासात घेतलं. ते पूर्ण ऐकण्याआधीच तोंडावर रुमाल धरून खांबामागे गेले. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. “फिकर नक्को करो जाधवभाई. मैं संभालता.”

डॉक्टर आले. उंच, काठी टेकत, पांढरेशुभ्र कपडे. सरळ मागच्या खोलीत गेले आणि कपाटापुढे उभे राहिले. चिठ्ठी वाचली.

“कसला उपचार?”

“बुखार था साब,” हुसेनभाई म्हणाले. “अब उतर रा.”

डॉक्टरांनी आयुष्यभर ताप पाहिले होते. त्यांनी हुसेनभाईंना नखशिखांत न्याहाळलं आणि मग माझ्याकडे वळले. सबनीस साहेब म्हणाले, “जाधव, वस्तू आणा.” मी हललो नाही. डॉक्टर शांतपणे म्हणाले, “तो एक मुखवटा मला आत्ता दिसला नाही, तर बाकीच्या वस्तू आज संध्याकाळी टेम्पोत जातील. अट तुमच्याकडे कागदावर आहे.”

खोटं बोलायची तयारी मी रात्रभर केली होती. रसायनात आहे, पुण्याला पाठवलाय, असली तीन-चार उत्तरं पाठ होती. पण तो म्हातारा माणूस काचेला कपाळ टेकून त्या रिकाम्या जागेकडे बघत होता, आणि माझ्या तोंडून खरंच बाहेर पडलं.

“डॉक्टर, तो माझ्या घरी आहे.”

“घरी?” हे सबनीस साहेब.

“फ्रीजमध्ये होता.”

“होता म्हणजे?”

“काल महालक्ष्मीपुढे बसला. आता उद्या दुपारपर्यंत उठत नाही.”

सबनीस साहेबांचं तोंड त्या मुखवट्यासारखंच अर्धं उघडं राहिलं. डॉक्टरांनी काठी उचलली. “कुठं राहता?”

“उस्मानपुऱ्यात.”

“चला.”

एका रिक्षात आम्ही चौघं. मागे डॉक्टर, साहेब आणि मध्ये चेपलेला मी, पुढे चालकाशेजारी हुसेनभाई. दालनाला कुलूप लावून ते का आले हे विचारायचं भान कुणाला नव्हतं. साहेब वाटेतच आरोपपत्र जुळवत होते. “विनापरवाना… शासकीय वस्तू… खाजगी शीतकपाटात… आणि पुढे काय लिहू जाधव? देवीच्या अपत्यपदी नेमणूक?” इतक्यात चालकानं मान वळवून विचारलं, “किसके हाँ दावत है साब?” हुसेनभाईंच्या पाठीला गदगदून हसू फुटलं. खरं सांगतो, माझी नोकरी जात होती आणि मलाही हसू आवरेना. ओठ चावून मी क्रांती चौक पार केला.

दारात पुरणाचा वास दरवळत होता. मायनं आम्हा चौघांना पाहिलं आणि तिला एकच अर्थ लागला. “या, या. पाय धुवा, पानं मांडलीच हायेत.” महालक्ष्मीच्या दिवशी दारात आलेल्या माणसानं वाद घालायचा नसतो. निलंबनाची भाषा करणारे सबनीस साहेब पँट दुमडून मुकाट्यानं मोरीत पाय धुवायला गेले.

डॉक्टर आत जाऊन लक्ष्म्यांपुढे उभे राहिले. बायका बाजूला सरकल्या. मुखवटा कुंची घालून बसला होता, पुढे केळीच्या पानाच्या तुकड्यावर पुरण, भात आणि वर तुपाची धार. गालावर हळद. डॉक्टर पुढे वाकून सगळं निरखत राहिले. मी मनातल्या मनात राजीनाम्याचा मजकूर सुरू केला.

मायला हे निरखणं म्हणजे कौतुक वाटलं. “धाकटं जरा सावळं हाय, पन लई गोड. तुमीच आनलं व्हय ह्याला?”

“हो. मीच आणलं.”

“मंग इतकी वरसं कुठं ठिवलं व्हतं?”

“काचेच्या कपाटात.”

“आन् जेवायला?”

काठी भिंतीला टेकवून डॉक्टर तिथंच जमिनीवर बसले आणि हसायला लागले. आधी हळू, मग अंग हलेल इतकं. हसता हसता चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले, आणि पुसतच राहिले.

मग त्यांनी सांगितलं ते असं. तो मुखवटा अलंकार नव्हताच. तिकडे ज्या घराण्यात मोठा मुखवटा असतो, तिथला माणूस गाव सोडून निघाला की त्याच मुखवट्याची अशी लहान प्रत बरोबर नेतो, कापडात गुंडाळून, खिशात. परक्या मुलखात ती आपली माणसं, आपलं घर. तिला अधूनमधून तेल लावायचं, भात भरवायचा. डॉक्टर परत निघाले तेव्हा त्यांनी बऱ्या केलेल्या एका म्हाताऱ्या रुग्णानं स्वतःचा मुखवटा त्यांच्या हातात ठेवला. म्हणाला, मी आता कुठं जाणार नाही, लांब तू निघालायस. फक्त याला उपाशी ठेवू नको.

“मी हो म्हटलं,” डॉक्टर म्हणाले. “आणि इथं आल्यावर लाज वाटली. डॉक्टर माणूस लाकडाला भात भरवतो, असं लोक म्हणतील. म्हणून तुमच्याकडे ठेव म्हणून दिला आणि तुम्हालाही कधी काही सांगितलं नाही. दरवर्षी वाटायचं, जाऊन बघावं. यंदा धीर केला, तर कपाटात जागा रिकामी.” मग मायकडे वळून म्हणाले, “आई, तुम्ही माझा शब्द पाळलात.”

माय म्हणाली, “ते ऱ्हाऊ द्या. आधी तुमी जेवा.”

सबनीस साहेबांनी सहा पुरणपोळ्या खाल्ल्या. सहावी वाढताना मंगलनं माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं की नोकरी वाचली. हुसेनभाईंनी आंबील तीनदा मागून घेतली. मुंबईला निघताना डॉक्टर साहेबांना म्हणाले, “वस्तू इथंच राहू द्या.” त्याआधी संग्रहालयात परत जाऊन त्यांनी अभिप्राय-वहीत दोन शब्द लिहिले: ‘उपचार योग्य.’ साहेबांनी तरीही मला लेखी ताकीद दिली. तीही योग्यच होती. ती ताकीद आणि पुढे माझं नोकरीत कायम झाल्याचं पत्र एकाच फाइलीत आहे.

तिसऱ्या दिवशी लक्ष्म्या हलल्यावर मायनं मुखवटा सोडून माझ्या हातात दिला, आणि त्याबरोबर दहीभाताची शिदोरी. वस्तू कपाटात गेली. शिदोरी हुसेनभाईंनी कर्तव्य म्हणून खाल्ली. पीठ पुन्हा कधी पडलं नाही. भुंगेरा फ्रीजनं मेला की पुरणानं, हे शास्त्राला मी आजवर कळू दिलेलं नाही. ‘अलंकार’ची चिठ्ठी मी काढली आणि डॉक्टरांनी सांगितली तशी नवी लिहिली. पुढे माय असेपर्यंत दरवर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी ती रिक्षानं ताट घेऊन यायची आणि काचेपुढे पाच मिनिटं धरायची. ‘खाद्यपदार्थ आत नेऊ नयेत’ ही पाटी मीच रंगवली होती. त्या पाच मिनिटांत हुसेनभाई पाटीला पाठ लावून उभे राहत.

एक गोष्ट मात्र आतापर्यंत सलत राहिली. नोंदवहीत ‘स्थिती’ नावाचा रकाना असतो. वस्तूला काय झालंय, ते खरं खरं लिहायचं. तिथं मी लिहिलं: ‘डाव्या गालावर पिवळा डाग. जुना.’ उभ्या नोकरीत त्या वहीत ‘बहुधा’ शेकडो वेळा लिहिलं, पण धडधडीत खोटं एकदाच, आणि ते ‘जुना’ या शब्दात. डाग फिका करायचा उपाय मला ठाऊक होता. मी केला नाही. आधी घाईत जमलं नाही, नंतर मनच झालं नाही.

गेल्या वर्षी संग्रहालयातून फोन आला. पुण्याची एक संशोधक मुलगी आफ्रिकेच्या मुखवट्यांवर प्रबंध लिहीत होती, जुन्या माणसाला भेटायचं म्हणत होती. मी गेलो. तिकीट काढूनच गेलो. हातमोजे घालून तिनं मुखवटा उजेडात धरला होता आणि तिचा चेहरा फुलला होता.

“काका, हे बघा. पिवळ्या रंगाचे अवशेष! नोंदवहीत जुना डाग म्हटलंय. म्हणजे हा नुसता विकायला कोरलेला नाही, प्रत्यक्ष विधीत वापरलेला आहे. असा पुरावा फार क्वचित मिळतो.” तिनं पेन उघडलं. “तुम्ही इतकी वर्षं सांभाळलाय. कसला विधी असेल, काही अंदाज?”

मी मुखवट्याकडे पाहिलं. अर्धवट मिटलेले डोळे, किंचित उघडे ओठ. मायच्या बोटाची रुंदी अजून गालावर तशीच होती.

“आधी तो ‘जुना’ शब्द खोडा,” मी म्हणालो. “तो मी लिहिलाय आणि खोटा आहे. डाग इथलाच आहे, उस्मानपुऱ्याचा.”

“आणि विधी?”

“जेवणाचा.”

तिनं सवयीनं आधी ‘बहुधा’ लिहिलं होतं. तेही मी तिला खोडायला लावलं.